न बोललेलं मोल

कासारवळणात कुणी सापाला साप म्हणत नाही. लांबडं म्हणतात, जनावर म्हणतात, फारच वेळ आली तर हातानं खूण करून दाखवतात. घरात बसून तर तेवढंही करत नाहीत, कारण वास्तू सारखी तथास्तु म्हणत असते आणि तिच्या कानावर नेमकं नको ते पडलं तर काय घ्या! हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. रणधीर शिंत्रे तर याच गावात, तानूआत्याच्या हातची भाकरी खाऊन वाढलेला. पण पुण्याला जाऊन अर्थशास्त्र शिकवता शिकवता तो हे सगळं विसरला होता, आणि विसरल्याचा त्याला थोडा अभिमानही होता.

पुण्याहून तो परत आला तो 'कौल' घेऊन. गावच्या नगरपंचायतीत त्याला कौल अधिकारी नेमलं. पगार निम्म्यावर आला, तरी त्याला पर्वा नव्हती. त्याच्या बापाची पिठाची गिरणी होती. तिचा परवाना तेव्हाच्या नगराध्यक्षांनी, दौलतराव सरनोबतांनी, अडवून धरला. कारण काही नाही, मर्जी. बापानं पाया पडायला नकार दिला. गिरणी बंद पडून गंजली आणि तिच्यापाठोपाठ बापही गेला. तेव्हापासून 'मर्जी' हा शब्द ऐकला की रणधीरच्या कपाळाची शीर उडायची.

कौल म्हणजे काय, ते एकदा नीट सांगायला हवं. समजा, गल्लीत दिवा लावायचा आहे. घरोघर विचारलं, "दिव्याचे किती देणार?" तर जो तो म्हणणार, "आम्हाला कुठं अंधारात दिसत नाही?" कारण शेजाऱ्यानं पैसे भरले की उजेड आपल्या दारात फुकट पडणारच. सगळेच असे हुशार निघाले की गल्ली अंधारात राहते. म्हणून राज्यकर्ते कर सक्तीनं घेत आले, आणि पैसा त्यांच्या हातात गेला की दिवा कुणाच्या गल्लीत लागणार हे ते ठरवणार.

गणितवाल्यांनी यावर फार पूर्वीच तोड काढली होती. त्या गोष्टीचं आपल्याला किती मोल वाटतं ते प्रत्येकानं सांगायचं, पण तेवढं भरायचं मात्र नाही. आपल्या सांगण्यामुळं बाकीच्यांच्या हातून जेवढं सुटलं, तेवढंच भरायचं. या नियमात खोटं बोलणारा स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो, म्हणून खरं बोलणं परवडतं. नियम चोख होता, पण मनातलं मोल आकड्यात सांगणं माणसाला जमत नव्हतं. ते आता यंत्राला जमलं. प्रत्येक घराच्या भिंतीवर एक चपटी डबी बसली. ती बाईच्या आवाजात चार गोष्टी बोलायची, माणूस कुठं अडखळतो, कुठं श्वास धरतो ते ऐकायची, आणि त्याच्या मनातला आकडा त्याच्याहून अचूक काढायची. गावानं तिचं नाव 'भिंतीवरची बाई' ठेवलं.

रणधीरनं त्यात एक नियम स्वतःचा घातला. कौल फक्त आपल्या घरात, दार लावून द्यायचा. सरनोबतांची माणसं डोक्यावर उभी राहून कुणाच्या तोंडून काही वदवून घेऊ नयेत, एवढाच त्यात हेतू होता.

आणि कौल चालला, हे कबूल करायलाच हवं. खालच्या आळीत पहिल्यांदा दिवे लागले. कचरा उचलायला तीन टोळ्या एकमेकींशी चढाओढ करू लागल्या. परवान्यांची खिडकी बंद झाली आणि त्या खिडकीत एका बाईनं चहाची गाडी मांडली. घरपट्टी गेली. रस्त्यात लोक रणधीरला थांबवून हात जोडत, तेव्हा त्याला बापाची आठवण यायची.

भातकापणीच्या तोंडावर दवाखान्याच्या डॉक्टर नसीमा मुल्ला त्याच्या खोलीत आल्या. त्यांनी टेबलावर एक थंड पेटी ठेवली आणि झाकण उघडलं.

"बघा शिंत्रे सर. मोकळी."

"कशाची पेटी?"

"जनावराच्या विषावरच्या औषधाची. होत्या त्या कुप्यांची मुदत संपली. नव्या मागवायला गेले तर तुमचा कौल म्हणतोय, गावाला नकोत."

रणधीरनं पडद्यावर आकडे काढले. दिवे, रस्ते, गटारी, इतकंच काय वाचनालयालासुद्धा लोकांनी बऱ्यापैकी मोल लावलं होतं. पण आगीचा बंब शून्य, शववाहिका शून्य आणि सर्पविषाचं औषधही शून्य. एखाददुसरं घर सोडलं तर सगळ्या गावाचा एकच सूर.

"एवढी सगळी घरं एकदम चुकतील का, डॉक्टर?" तो म्हणाला. "लोकांना आपलं हित कळतं. आपण त्यांचे मायबाप नाही."

"मायबाप नका होऊ. पण कापणी सुरू झाली की लोक माझ्या दारात येणार, तुमच्या नाही."

डॉक्टर पेटी तिथंच ठेवून गेल्या. रणधीरनं ती दोनदा उघडून बघितली. मग घड्याळ बघून तो आत्याकडं जेवायला निघाला.

तानूआत्याचं घर वरच्या आळीत, भाताच्या खाचरांना लागून. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं होतं. तिला मूलबाळ नव्हतं, नवरा कधीच गेलेला. ती चुलीपुढं भाकरी थापत होती आणि तो ताटावर बसला होता, तेवढ्यात भिंतीवरची बाई बोलू लागली. नियमाप्रमाणं त्यानं उठून बाहेर जायला हवं होतं, पण भाकरी नुकती ताटात पडली होती.

"नमस्कार, तानूबाई. या घरात कुणाला सर्पदंश झाला, तर औषध गावातच मिळावं म्हणून आपण..."

"फुटलं तुजं त्वांड!" आत्याच्या हातातलं उलथनं खाली पडलं. "भर दुपारी, चुलीम्होरं असलं बोलत्यात व्हय?"

"म्हणजे आपल्याला ही सेवा नको, असं समजू का?"

"नको! आमच्याकडं असलं काय हुत न्हाई. हुणार न्हाई."

"आपला कौल नोंदवला. धन्यवाद."

आत्या उठली. मूठभर मीठ-मोहऱ्या घेऊन तिनं त्या डबीवरून ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या तेव्हा कुठं तिचा जीव खाली बसला. "ही बाई बरी न्हाई रं," ती म्हणाली. "दिव्याचं इचारती तवा कशी ग्वाड बोलती. मधनंच असलं काढती."

रणधीरचा घास हातातच राहिला. आत्या खोटं बोलत नव्हती. यंत्रानं तिचा आवाज तपासून खरा ठरवला, तो खराच होता. त्या छपराखाली तिला ते औषध, त्याचं नाव, त्याचा विचार, काही म्हणजे काही नको होतं.

"आत्या, पण गावात औषध असावं की नको?"

"घरात इचारतोस? ऊठ, भाईर चल."

अंगणात, पार कुंपणापाशी गेल्यावर तिनं आवाज बारीक केला. "असावंच की रं. हौसाबाईचा ल्योक त्याच्यामुळंच वाचला न्हवं? असल्या औषधापायी ही पाटली काढून दीन मी." आणि तिनं खरोखरच हातातली सोन्याची पाटली पुढं केली.

सगळ्या गावानं हेच केलं होतं. ज्या दाराआड लोकांनी मोकळेपणानं बोलावं म्हणून त्यानं नियम केला, त्याच दाराआड ते बोलू शकत नव्हते. बापाच्या गावची एवढी साधी गोष्ट आपल्याला कळू नये, याची त्याला मनापासून लाज वाटली.

दोन दिवसांनी नगरपंचायतीची बैठक होती. रणधीरनं मांडलं की बंब, औषध, शववाहिका असल्या गोष्टींचा कौल घरात नको, बाजाराच्या मैदानात, उघड्यावर घ्यावा. सरनोबत आता नुसते नगरसेवक होते, पण खुर्चीत बसायचे अजून अध्यक्षासारखेच.

"मैदानात? घ्या की," ते म्हणाले. "आमची पोरं असतीलच तिथं. लोकांना रांगेत लावतील, काय बोलायचं ते समजावून सांगतील."

रणधीरनं ठरावाचा कागद परत घेतला. ज्याला दारातून हाकललं त्याच्यासाठी तो स्वतःच खिडकी उघडत होता.

बैठक संपल्यावर सरनोबतांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "शिंत्रे, एवढं डोकं शिणवू नका. एक कलम घाला. आपत्तीच्या वस्तू कौल न घेता, अध्यक्ष आणि अधिकाऱ्यांच्या मर्जीनं घेता येतील. अध्यक्ष आमच्या शब्दाबाहेर नाहीत; उद्या औषध आणून देतो."

"मर्जी या गावात पुन्हा येणार नाही," रणधीर म्हणाला.

"बरं. राहिलं."

डॉक्टरांना त्यानं सांगितलं, थोडे दिवस द्या, मी यंत्रालाच विचारण्याची दुसरी पद्धत शिकवतो. तो कामालाही लागला. आडून आडून, गोष्ट सांगितल्यासारखं विचारायचं, असं काहीतरी त्याच्या मनात होतं. भात मात्र त्याच्यासाठी थांबणार नव्हतं. कापणी सुरू झाली.

तो यंत्रापुढं बसलेला असतानाच शेजारच्या हौसाबाईचा फोन आला. "रणधीर, लवकर ये. आत्याला पान लागलंय."

कासारवळणात पान लागलं म्हणजे काय, ते तो विसरला नव्हता. तो धावत सुटला. आत्या गोठ्यात गवताची पेंढी उचलायला वाकली होती आणि पेंढीखाली घोणस होती. तिला उचलून घरात घोंगडीवर निजवलं होतं. पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सुजला होता. डॉक्टर मुल्ला आधीच पोचल्या होत्या. त्यांनी आत्याचा ओठ बाजूला करून दाखवला. हिरड्यांतून रक्त येत होतं.

"घाटातनं गाडीनं नेलं तर वाटेतच..." एवढं बोलून डॉक्टरही थांबल्या. त्याही याच भागातल्या होत्या. "ड्रोननं औषध मागवा, सर. दुसरा मार्ग नाही."

तालुक्याच्या गावी एका खासगी कंपनीचं कोठार होतं. तिथून ड्रोन डोंगरावरून सरळ येई. पण सुगीच्या दिवसांत चार-पाच गावांची मागणी एकदमच येई, साठा थोडा, म्हणून तिथंही कौलच चाले, रणधीरनंच आखून दिलेल्या नियमांनी. रणधीरनं भिंतीवरच्या बाईला हाक मारून औषध मागितलं.

"रुग्ण शुद्धीवर असल्यास आधी त्यांचा कौल घेतला जाईल," ती म्हणाली. "तानूबाई, आपल्याला औषध हवं आहे का?"

"नको गं बाई," आत्या पुटपुटली. "उगा कशाला? सुजलंय जरा. हळद लावली की उतरंल."

"रुग्णाचा नकार नोंदवला. नातेवाइकांचा आक्षेप असल्यास, औषध न आल्यास काय होईल, ते त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगावं."

हे कलमही त्याचंच होतं. आजारी माणसाच्या नावावर दलालांनी औषध उचलू नये, म्हणून.

"तिची तब्येत बिघडेल," रणधीर म्हणाला.

"पुरेसं स्पष्ट नाही."

"फार बिघडेल. तिचं काही... काही वाईट होईल."

"आपल्याला काय म्हणायचं आहे याचा अंदाज आहे. पण नियमानुसार अंदाजावर कौल नोंदवता येत नाही."

शब्द एकच होता. वर्गात, व्याख्यानांत, अहवालांत त्यानं तो शेकडो वेळा वापरलेला. मृत्युदर, मृत्यूची जोखीम, मृत्यूचा खर्च. आणि आता आत्याच्या घरात, त्या धुरानं काळ्या झालेल्या आढ्याखाली, जीभ टाळ्याला चिकटली. आत्यानं त्याच्याकडं बघितलं. तिला कळलं होतं तो काय बोलणार ते. तिनं मान हलवली. "नगं रं बोलू," ती म्हणाली. "बाळा, नगं."

"सर!" डॉक्टर ओरडल्या.

"मरेल," रणधीर म्हणाला. "औषध नाही आलं तर माझी आत्या मरेल."

"आपण किती द्याल?"

"आहे ते सगळं."

यंत्रानं त्याच्या आवाजातून आकडा काढला आणि ड्रोन निघाला. आत्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं.

आत्या वाचली. टाचेचं मांस काढावं लागलं, आता काठीशिवाय चालता येणार नव्हतं, पण वाचली. जिल्ह्याच्या इस्पितळात तिच्या उशाशी बसला असताना रणधीरच्या फोनवर औषधाचं बिल आलं.

ते फार थोडं होतं. दुभत्या शेळीची किंमत असते, जेमतेम तेवढं. हौसाबाईनं बघितलं आणि म्हणाली, "बरं झालं बाई, स्वस्तात सुटलास."

रणधीर मात्र ते पुन्हा पुन्हा वाचत राहिला. तिथं जमलेल्यांत ते बिल वाचता येणारा तो एकटाच होता. कौलात आपण आपला आकडा भरत नाही. आपल्यामुळं जो मागं राहिला त्याच्या आकड्याइतकं भरतो. म्हणजे तेच औषध आणखी कुणीतरी मागितलं होतं, त्याच वेळी, अशाच कुठल्यातरी घरातून. आणि त्या घराचा आकडा एका शेळीपुढं गेला नव्हता. तेवढीच त्यांची ऐपत असेल. किंवा तिथंही कुणीतरी छपराखाली तो शब्द उच्चारायला कचरलं असेल, आणि यंत्रानं त्या कचरण्याचं मोल केलं असेल.

त्यानं यंत्रणेकडं त्या घराचं नाव मागितलं. उत्तर आलं, माहिती गोपनीय आहे. गोपनीयतेचं कलम कुणाचं, हे सांगायला नकोच. त्या दिवशी आसपासच्या कुठल्या गावात काय झालं, याची चौकशी करायला त्यानं तीनदा फोन उचलला आणि तीनदा खाली ठेवला. त्याच्यात ते धैर्य नव्हतं.

गावात परतल्यावर तो आधी सरनोबतांकडं गेला. ते झोपाळ्यावर बसले होते.

"घालू या ते कलम," रणधीर म्हणाला.

सरनोबत हसले नाहीत. त्यांनी चहा मागवला, आत्याची चौकशी केली, अगदी मनापासून केली. मग कागद पुढं ओढून म्हणाले, "आपत्तीत गटारीही धरू या ना. पावसाळ्यात तुंबतात, रोगराई होते. काम आमच्या मेहुण्याकडं देता येईल, तो विश्वासातला आहे."

रणधीरनं कागद वाचला. यातून पुढं काय काय आत येणार, ते त्याच्याइतकं स्पष्ट कुणाला दिसत नव्हतं. गटारीमागं दिवे, दिव्यांमागं परवाने. पुन्हा कुणाची तरी गिरणी गंजणार. आणि सही केली नाही, तर दवाखान्यातली पेटी पुढच्या सुगीतही मोकळीच राहणार. दोन्ही बाजूंनी माणसंच होती आणि त्यातली कोणती जास्त मोलाची, हे सांगणारं गणित त्याला येत नव्हतं. इतकी वर्षं येतं असं वाटत होतं, एवढंच. त्यानं सही केली.

आठवड्याच्या आत दवाखान्यात कुप्या आल्या. डॉक्टर मुल्लांनी पेटी भरली आणि त्याला फोन करून तसं कळवलं. तो ते सांगायला आत्याकडं गेला.

आत्या घरी आली होती, पण घरात नव्हती. अंगणापलीकडच्या गोठ्यात, गवताच्या गंजीला टेकून ती बसली होती. घोंगडी, तांब्या, काठी, सगळं तिथंच.

"आत्या, इथं काय करतेस? इथंच तर ते... आत चल."

"मी न्हाई जायची त्या घरात," ती म्हणाली. रागावलेली नव्हती, नुसती दमलेली होती. "तू बोललास रं. घरानं ऐकलंय ते. तुजा दोष न्हाई, तू माज्यापायीच बोललास. पर आता ते घर माजी वाट बघतंय. आज न्हाई तर उद्या."

"मग माझ्याकडं चल राहायला."

"तुज्या भिंतीवर बी तीच बाई हाय."

त्यानं औषधाचं सांगितलं. तिनं मान डोलावली, बरं झालं म्हणाली, आणि तशीच बसून राहिली. गंजीत खालच्या बाजूला काहीतरी खसफसलं. उंदीर असेल. तिनं पाय उचलायचा प्रयत्न केला, पण पाय उचलला गेला नाही.

रणधीरला तिला ओढत न्यावंसं वाटलं, शिकवावंसं वाटलं, हात जोडावेसे वाटले. तो यातलं काहीच न करता उठला आणि एकटा घरात गेला. चूल थंड होती. बाहेरच्या उजेडातून आल्यामुळं आत क्षणभर काही दिसेना. तो मधोमध उभा राहिला आणि आढ्याकडं बघून म्हणाला, "माझी आत्या पुष्कळ वर्षं जगणार आहे."

"क्षमा करा," भिंतीवरची बाई म्हणाली. "ही सेवा आपल्या गावात उपलब्ध नाही."

गोठ्यातून आत्याचा आवाज आला. "तिचं नगं ऐकू! म्होट्यानं बोल जरा. ऐकू जाऊ दे घराला."

"माझी आत्या पुष्कळ वर्षं जगणार आहे!" रणधीर ओरडला. मग पुन्हा ओरडला. आवाज चिरकला, डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, दर वेळी ती बाई क्षमा मागत राहिली, आणि तो बोलत राहिला.

आत्या त्या दिवशी काही घरात आली नाही.